परसातला आंबा आधी कुणाचा?

परसातली भाजी घरच्या चुलीवर शिजवून खाणं ही शहरात आता हौस झाली आहे. गच्चीवरच्या कुंडीतली चार वांगी उतरली की त्यांचं भरीत होण्याआधी फोटो होतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात ही हौस परवडणारी नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर घरं एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं घर त्याच्याच शेतात, आणि अंगणालगत आंबा, मोह, शेवगा. पावसावरचं शेत उन्हाळ्यात रिकामं पडतं, तेव्हा घराला आधार या झाडांचाच.

काठी गावची राजवाडी होळी पेटून गेली की मोह गळू लागतो आणि मागोमाग कैरी भरते. एप्रिल-मेमध्ये अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात घरोघरी आमचूर चालतं. गडी झाडावर चढून कैऱ्या उतरवतात. बाया आणि पोरं त्या सोलून, काप करून खडकावर किंवा सारवलेल्या अंगणात उन्हाला घालतात. काम दिसतं सोपं, पण जोखमीचं आहे. कैरी लोखंडी पात्याने चिरली तर काप काळवंडतो. वाळत घातल्यावर अवकाळी सर आली तर सगळी मेहनत बुरशीला जाते. व्यापारी आधी रंग बघतो, मग भाव सांगतो. वाळताना कैरीतलं पाणी उडतं आणि ढीगभर फळाचं पोतं जेमतेम भरतं. ते मोलगीच्या बाजारात जातं आणि तिथून पुढे दूरच्या मसाल्यांत.

यातलं मूठभर घरी राहतं. उडदाच्या डाळीत आमचुराचे दोन काप टाकले, वर लाल मिरची घातली, की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. ही चव वर्षभर पुरते. पण पिकलेला आंबा? त्याला त्या घरात किती जागा उरते, हा मला महत्त्वाचा प्रश्न वाटतो. झाडावरची सगळी कैरी आमचुरासाठी उतरली, तर पाडाला लागायला काही राहतच नाही.

खानदेशात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, एक जुना दंडक आहे. त्या दिवशी पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातली जाणती माणसं आंबा तोंडात घालत नाहीत. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मला त्यात शहाणपण दिसतं. या नेमामुळे फळाला पिकायला वेळ मिळतो आणि पहिला वाटा घराचा, ही गोष्ट पक्की होते. बाजाराचा क्रम याच्या उलट आहे. त्याला कैरी कच्चीच हवी आणि आजच हवी.

अडचण हिशेबाची आहे. विकलेलं आमचूर काट्यावर चढतं, त्याची नोंद होते, त्याला उत्पन्न म्हणतात. पोरांनी झाडाखाली बसून चोखलेले रायवळ आंबे मात्र कुठल्याच वहीत दिसत नाहीत. ज्या जिल्ह्याचं नाव कुपोषणाच्या बातम्यांत वारंवार येतं, तिथे ही चूक महागात पडते. पिकल्या आंब्याचा पिवळा-केशरी रंग म्हणजे कॅरोटीन, त्यातूनच शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. कच्च्या कैरीत ते फारच कमी असतं. एकीकडे अमृत आहार योजनेतून गरोदर बाईला ताजं जेवण द्यायचं आणि दुसरीकडे तिच्याच दारातलं फळ हिशेबाबाहेर ठेवायचं, हे विसंगत आहे.

हिशेबाबाहेर राहिलेल्या झाडाचं दुसरं उदाहरण मणिबेलीचं, अक्कलकुवा तालुक्यातल्याच गावाचं. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याचा तडाखा महाराष्ट्रात सगळ्यात आधी बसला तो या गावाला. विस्थापिताला जमिनीच्या बदल्यात जमीन मोजून देता येते. पण कोयीपासून वाढणारा गावठी आंबा फळाला यायला आठ-दहा वर्षं घेतो. तेवढे उन्हाळे घरच्या आंब्याविना काढावे लागतात, त्यांची भरपाई कोण मोजणार?

आमचूर विकू नका, असं शहरात बसून सांगणं सोपं आहे. ऊसतोडीहून परतलेल्या घराला पावसाआधी बियाणं घ्यायचं असतं, किराण्याची उधारी फेडायची असते. ती रोकड आमचुरातूनच येते. म्हणून उपदेशाआधी भाव हवा. बचत गटांना माल कोरडा साठवायला जागा मिळाली, तर गरजेपोटी मिळेल त्या पहिल्या भावाला पोतं सोडावं लागणार नाही. थोडी कैरी विकूनही भागत असेल, तर उरलेली झाडावर पिकू शकेल. परसबागेच्या योजनांनी नुसती बियाण्याची पाकिटं वाटून थांबू नये. उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं तेही बघावं. भांड्याच्या मोरीचं पाणी पपई आणि शेवग्याच्या आळ्यात वळवलं, तरी दोन झाडं तग धरतात.

आणि दर घराने एक झाड आमचुरासाठी न उतरवता राखावं. त्या झाडाचा आंबा घरच्या पोरांचा. उरला तरच बाजाराचा.