पावती नसलेलं काम

आपली गाडी आपण घरी खोलली तर त्यात कुणाचं काय जातं? गाडी माझी, गॅरेज माझं, हात माझे. उद्या काही बिघडलंच तर भुर्दंडही मलाच. दिवाणखान्यात बसून हे म्हणायला सोपं आहे. गाडीखाली उताणं पडल्यावर ते मला तितकंसं पटत नाही.

माझी गाडी जुनी माझदा मियाटा. दोन सीटची, टप उघडणारी. 1989 साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये जी लोकांसमोर आली, तीच पिढी. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, म्हणून मधे ही मोठी वरात: क्लच, गिअरबॉक्स, लांब शाफ्ट, डिफरन्शियल. क्लच घसरायला लागला की तो बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो, कारण क्लच बसलेला असतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या सांदीत.

इथे मिशिगनमध्ये मजुरी परवडत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे मला हे काम आवडतं. गाडी चार स्टँडवर चढवायची (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्याला देवसुद्धा वाचवत नाही), आतून गिअरचा दांडा काढायचा, सायलेन्सरचा पाइप सोडवायचा. मग शाफ्ट. तो डिफरन्शियलला चार बोल्टनी जोडलेला असतो. सोडवण्याआधी दोन्ही बाजूंवर खूण करायची, म्हणजे परत जसाच्या तसा बसतो, नाहीतर थरथर मागे लागण्याची भीती. शाफ्ट मागे ओढला की गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल बदाबदा येतं. पहिल्या वेळी ते सगळ्यांच्याच बाहीत जातं.

मियाटाची खरी गंमत तिच्या कण्यात आहे. गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब ॲल्युमिनियमची चौकट असते. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला आडवा आधार असतो. इथे तो नाही, ही चौकटच आधार. ती काढायच्या आधी गिअरबॉक्सखाली जॅक लावला नाही, तर शेपटी धाडकन खाली येते. बसवताना तिचा कोनही जुळवावा लागतो. आणि गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट! तिथे डोळा पोचत नाही, नुसता हात पोचतो, तोही हातभर लांब एक्स्टेन्शन लावून. काम संपल्यावर ते बोल्ट पुन्हा कोणी पाहत नाही, अगदी मीसुद्धा.

हायवेवर शाफ्ट सुटून पडला तर तो मागून येणाऱ्याच्या वाट्याला येणार. त्याने मला कधीच परवानगी दिलेली नाही. मी गाडी खोलतोय हेही त्याला माहीत नाही. ‘माझी गाडी, माझा धोका’ हे वाक्य गॅरेजच्या दारापर्यंतच खरं असतं. शिवाय मिशिगनमध्ये खासगी गाडीची ठरावीक मुदतीने सुरक्षा तपासणी होत नाही. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी होते, जर्मनीत जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी. इथे माझ्या कामाकडे कायदा पाहत नाही, शेजारी पाहत नाही आणि त्या मागच्या माणसाला तर पाहताच येत नाही.

मग भरवसा कशावर ठेवायचा? टॉर्क रेंचवर? ठरवलेला जोर भरला की तो ‘टक्’ करतो आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतं. पण घट्ट बोल्ट हा खरं तर किंचित ताणलेली स्प्रिंग असतो. तो ताण दोन भागांना एकत्र दाबून धरतो. आपण लावलेल्या जोरातला सुमारे 90 टक्के भाग घर्षणातच संपतो, थोडासाच ताणात उतरतो. आटे तेलकट असले की तोच ‘टक्’ वेगळा ताण देतो. म्हणजे नियमाप्रमाणे केलं तरी आटे पुसलेत का, हे फक्त मलाच ठाऊक.

प्रामाणिकपणा पुरेसा आहे असंही मला वाटत नाही. प्रामाणिक माणसालाही जे केलंय असं वाटतं, तेच दिसतं. विमानाच्या दुरुस्तीत काही नाजूक कामं झाली की ती न केलेला दुसरा माणूस ती स्वतंत्रपणे तपासतो. पहिला चोर आहे म्हणून नाही. माझ्याकडे हँगर नाही, पण बायको आहे. ती कागद घेऊन स्टुलावर बसते आणि एकेका बोल्टचं नाव वाचते. मी “झालं” म्हणालो की म्हणते, “दाखव.” मी रेंच लावून दाखवतो, बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो, मगच ती टिक करते. तिला डिफरन्शियल म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नाही, आणि म्हणूनच ती चांगली तपासनीस आहे.

यंदा गाडी विकायला काढली. ॲन आर्बरला शिकणारा एक नाशिकचा मुलगा बघायला आला. टप उघडून बसला, खूश झाला. मग विचारलं, “दादा, क्लचचं काम कुठे केलंत?”

“इथेच. मीच केलं.”

तो गप्प झाला. “म्हणजे पावती नाही?”

त्याचं काही चुकत नव्हतं. मात्र पावतीवरून काय कळतं, हा विचार डोक्यातून जाईना. काही झालं तर कुणाकडे भांडायला जायचं, ते कळतं. बोल्ट घट्ट आहे की नाही, ते त्या कागदावर नसतं. दुकानातही तो बोल्ट कुणाच्या तरी हातानेच आवळला जातो, बहुधा घाईत, पुढची गाडी ताटकळत असताना. तरीही पावतीखाली नाव आणि पत्ता असतो. मी विकून मोकळा होणार होतो, आणि हायवेवर हा असणार होता.

मी त्याला बायकोने टिक केलेले कागद दाखवले. त्याने ते सगळे वाचले, फोटो काढले. मग म्हणाला, “मी स्वतः बघू का?”

गाडी पुन्हा स्टँडवर चढवली. त्याने चांगला शर्ट काढून सीटवर ठेवला आणि खाली शिरला. मी शाफ्टच्या चार बोल्टचा आकडा सांगितला, त्याने रेंचवर लावला. पहिला टक्. दुसरा टक्. तिसऱ्याला त्याचा हात घसरला, म्हणाला, “थांबा, परत.” मी टॉर्च धरून उभा राहिलो.