भिंत डोळ्यांची, जमीन पावलांची

बाथरूमची टाइल आपण दुकानात पसंत करतो ती कोरडी, पायात चपला घालून. वापरतो मात्र ओली, अनवाणी, साबणाच्या पाण्यात. नूतनीकरण करताना देखणेपण आणि सोय यांची जी ओढाताण होते, तिचं मूळ मला इथे दिसतं.

पुण्या-मुंबईच्या जुन्या सोसायट्यांत कुणाची ना कुणाची बाथरूम कायम फोडलेली असते. मिस्त्रीसमोर मोबाइलवरचा फोटो धरला जातो. त्या फोटोतली माणसं काचेआड शॉवर घेतात, बाकीची जमीन कोरडी राहते. आपल्याकडे बादली आणि मग, बसायला स्टूल, भिजत घातलेले कपडे, आणि शेवटी अख्खी फरशी धुऊन काढायची सवय. जागा तरी किती? राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणी-संडास एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर सांगितले आहेत, म्हणजे जेमतेम ३० चौरस फूट. एवढ्यात काचेचं पार्टिशन उभं केलं की बादली ठेवायची कुठे? बोअरचं जड पाणी असेल तर काचेवर आणि काळ्या मॅट नळांवर क्षारांचे पांढरे डाग धरतात. काचेखालच्या पट्टीत साबणाचा चिकटा साचतो, तो जुन्या टूथब्रशने खरवडावा लागतो. हे काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतं, आणि तिचं मत विचारलं जातं ते फक्त रंगापुरतं. हे मला मुळीच पटत नाही.

देखणेपणाला माझा विरोध नाही. दिवसाची सुरुवात जिथे होते ती खोली प्रसन्न हवीच. पण भिंत डोळ्यांसाठी असते, जमीन पावलांसाठी. चकचकीत, मोठी, नक्षीदार टाइल खुशाल भिंतीला लावा. खाली खरखरीत आणि लहान टाइलच बरी. जुन्या न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर पाय घट्ट राहायचा तो तिच्या खडबडीतपणामुळे. शिवाय चार फुटी टाइलला कोपऱ्यातल्या जाळीकडे नीट उतार देता येत नाही, मग मधेच पाणी तुंबतं. उतार मीटरला साधारण एक सेंटिमीटर हवा. चांगला मिस्त्री मगभर पाणी ओततो, उकिडवा बसतो आणि ते कुठे वळतंय ते बघत राहतो. त्याला त्या वेळी घाई करू नये.

खरा खर्च व्हायला हवा तो टाइलच्या खाली, वॉटरप्रूफिंगवर. थर दिल्यावर पाणी साठवून दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या घरी जाऊन छत बघून यायचं. तिथे ओल उतरली तर दुरुस्ती आपल्याच खिशातून. सोसायट्यांचे आदर्श उपविधीही संडास-बाथरूमच्या अंतर्गत गळतीचा खर्च सदस्यावरच टाकतात.

आणखी एक. बाथरूम एकदा केली की वर्षानुवर्षं तशीच राहते, माणसं मात्र म्हातारी होतात. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. काम चालू आहे तोवर दार बाहेर उघडणारं करून घ्या, कमोडशेजारी भक्कम दांडी बसवा, आणि ती कुठे हवी हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिथे उभं करून विचारा.