चौघांनी उचललेला मनुष्य
शास्त्रपाठ : मार्क २:१-१२



कफर्णहूमातील एका घरात प्रभू वचन सांगत असता चौघेजण एका पक्षघाती मनुष्यास बाजेवर घालून आले. दारात दाटी होती, म्हणून त्यांनी छप्पर उसकटून बाज खाली सोडली. त्या वेळी प्रभूने एकट्या रोग्याचाच नव्हे, तर त्याला वाहून आणणाऱ्यांचाही विश्वास पाहिला.

दारूच्या आहारी गेलेला मनुष्य असाच बाजेवर पडलेला आहे. त्याला पाय आहेत, पण ते गुत्त्याकडेच वळतात. नाताळात तो शपथ घेतो आणि नव्या वर्षाचा पहिला बाजार भरण्यापूर्वी ती मोडतो. मग आपण म्हणतो, "याला विश्वासच नाही." प्रभुभोजनाच्या यादीतून त्याचे नाव काढून आपण मोकळे होतो. असे करताना दारातील ती दाटी आपणच झालो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

१९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन नगरात बिल नावाचा एक व्यापारी उतरला होता. पिणे सोडून त्याला थोडेच महिने झाले होते. धंद्यात अपयश आले आणि दारूची ओढ पुन्हा दाटून आली. तेव्हा त्याने एका पाळकास दूरध्वनी केला. त्याला उपदेश नको होता, आपल्यासारखाच एखादा पिणारा भेटावयास हवा होता. शोध घेता घेता त्याची गाठ बॉब नावाच्या शल्यवैद्याशी पडली. दोघे तासन्‌तास बोलत बसले. बॉब मध्यंतरी एकदा घसरलाही, पण १० जून १९३५ नंतर त्याने मद्यास स्पर्श केला नाही. दुसऱ्यास उचलता उचलता बिलही तरला.

या भेटीतून जे बंधुत्व निर्माण झाले, त्यास अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, थोडक्यात ए. ए., म्हणतात. ते १९५७ साली भारतात आले. त्याच्या सभेस फी नाही, तेथे न्याय करणारा कोणी नाही. पिणे सोडण्याची इच्छा, एवढीच अट. प्रत्येकजण केवळ आपले पहिले नाव सांगतो, आपली हकिकत कथन करतो, आणि फक्त आजचा दिवस न पिता काढण्याचा निश्चय करतो. तेथे ऐकलेले तेथेच राहते.

कोणी विचारील, "मग ख्रिस्त पुरेसा नाही काय?" पुरेसा आहे. परंतु बाज वाहणाऱ्यांस प्रभूने परत पाठविले नाही. आणि याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पापांची कबुली एकमेकांजवळ देण्यास सांगितले आहे, एकांतात कुढत बसण्यास नव्हे.

एकत्र बसण्याचे बळ पुणतांब्यास ठाऊक नाही असे नाही. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाचा ठराव याच गावच्या ग्रामसभेत झाला. ज्याची अडचण घरात कोंडलेली होती, त्यास कळले की शेजाऱ्याचीही तीच आहे. व्यसनी मनुष्यासही हेच कळणे अगत्याचे आहे.

तर मंडळीतील चौघांनी ही कामे वाटून घ्यावी.

पहिल्याने सभा कोठे भरते याचा शोध करावा. जिल्हा रुग्णालयात विचारावे, किंवा व्यसनमुक्तीसाठी असलेल्या १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य चौकशी करावी. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राकडेही विचारता येईल. जो वर्षानुवर्षे रोज पितो, त्यास आधी वैद्यास दाखवावे. एकाएकी सोडल्यास अंग कापते, झटके येतात, भ्रम होतो. कधी प्राणही जातो.

दुसऱ्याने त्याच्याबरोबर जावे. आपले गाव दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे. श्रीरामपूर, अहिल्यानगर किंवा मनमाड, जेथे सभेचा ठिकाणा लागेल तेथे गाडीने जाता येते. पहिल्या दिवशी त्यास एकटा पाठवू नये. स्थानकाच्या वाटेवर गुत्ता लागतो. सभेत बाहेरच्यास बसू देत नसतील, तर दाराबाहेर थांबावे.

तिसऱ्या व्यक्तीने, शक्यतो एखाद्या भगिनीने, त्याच्या पत्नीजवळ बसावे. तिनेही पुष्कळ सोसले आहे. घरच्या माणसांसाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉनच्या निराळ्या सभा असतात.

चौथ्याने, तो पुन्हा पडला असता, पुन्हा त्याच्या दारी जावे. हे काम सर्वांत कठीण आहे.

उपदेशक बंधूंस एक विनंती. त्याने तुम्हांस विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढच्या रविवारी दृष्टांत म्हणून सांगू नका. गाव लहान आहे. नाव न घेताही लोक ओळखतात, आणि तो पुन्हा कोणाजवळही तोंड उघडणार नाही. त्यापेक्षा शाळेची खोली आठवड्यातून एक सायंकाळ मोकळी करून द्या. दोघे-तिघे जमले तरी सभा होते.

बरा झालेला तो मनुष्य आपली बाज स्वतः उचलून निघाला. ती रिकामी बाज त्याने दुसऱ्या कोणासाठी नेली असेल काय, हे शास्त्र सांगत नाही. पण आपल्या गावात तसे घडावे, आज वाहून नेलेला उद्या वाहणारा व्हावा, अशी आपण प्रार्थना करू. आणि प्रार्थना करून उठल्यावर बाजेचा एक कोपरा हाती घेऊ. आमेन.