नावाची ओळ

अंकाची शेवटची प्रुफं काल रात्री तपासली. पान 32 वरच्या कवितेखाली नाव नाही. दुरेघी वहीच्या कागदावर आली होती, सोबत चिठ्ठी: ‘मी’पण सुटावं म्हणून लिहितो, नाव छापू नका. त्या कागदापाशी मी चार दिवस अडून बसले.

कारण अहंकार सोडा म्हणणाऱ्या आपल्या संतांनी नाव गाळलं नाही. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असतेच. पण ती जवळून बघा. एकनाथ आपलं नाव गुरूंच्या नावात मिसळून ‘एका जनार्दनी’ म्हणतात. जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात. आणि चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंची मुद्रा आहे ‘चोखियाची महारी’. ज्या शब्दानं त्यांना देवळाबाहेर उभं केलं, तोच त्या देवापुढे ठेवतात! याला अहंकार कसं म्हणू? मला वाटतं, बोलल्याची जबाबदारी माझी, मालकी माझी नव्हे, एवढंच ते नाव सांगतं.

म्हणून हा सगळा अंक नाममुद्रेवर. ती कविता मात्र कवीच्या शब्दाखातर बिननावाचीच जातेय. तिच्याखाली एका ओळीची जागा मोकळी सोडायला अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला सांगितलंय.