दिवा विझला, दोष राहिला

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, ह्या जिल्ह्यांतील खेडोपाडीं आतां मोटारी आल्या आहेत. चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. त्यास चेक इंजिनचा दिवा म्हणतात. १ एप्रिल २०२० रोजीं बीएस-६ नियम लागू झाल्यावर तो पुष्कळ दुचाकींवरहि आला. तो लागला, कीं कित्येक जण बॅटरीची तार सोडून पुन्हा जोडितात. दिवा विझतो, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हा लागतो. कारण चिन्ह पुसलें, दोष राहिला.

पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळींत ऑक्सिजन सेन्सर नांवाचा लहानसा साक्षी बसविलेला असतो. जळलेल्या वायूंत प्राणवायु किती उरला, हें तो गाडीच्या संगणकास कळवितो. त्यावरून १ भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा हें प्रमाण राखिलें जातें. साक्षी मंद झाला, तर पेट्रोल व्यर्थ जातें, धूर शुद्ध करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडतें, आणि विषारी वायु शेजाऱ्याच्या लेकरांच्या छातींत जातो.

तरी घाईनें साक्षीसच दोषी ठरवूं नका. प्रथम स्कॅनरनें कोड वाचवून घ्या. मग तार तुटली काय, नळीस भेग पडून बाहेरची हवा शिरते काय, हें पाहा. शेवटीं सेन्सर बदला. भेग तशीच असतां नवा सेन्सर घातला, तर तोहि तेंच सांगेल. दिवा लुकलुकूं लागला, तर मात्र गाडी लागलीच थांबवा.

मनुष्याच्या अंतःकरणांतहि देवानें असाच एक साक्षी ठेविला आहे. त्याची टोंचणी दडपूं नका. ती कशामुळें लागते, ह्याचा शोध घ्या.