पाणी कुठनं येतं

गगनबावड्याकडचा पाऊस ज्यानं बघितलाय, त्याला वेगळं सांगायला नको. मिरगाचं पाणी एकदा सुरू झालं की गणपतीपर्यंत घोंगडं वाळत नाही. त्या मुलखात अण्णांनी १९९६ साली एक जुनी, वापरलेली चारचाकी घेतली. वाडीत दुसरी गाडी नव्हती. त्यामुळं बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यायला आमचीच गाडी निघायची. ती चालवायचा आमच्याकडं कामाला असलेला तरणा गडी. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात गाडीत डाव्या बाजूला, पायाशी पाणी साचायला लागलं. मॅट उचललं तर खालचं अस्तर चिंब, कुबट वास. मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला, सुट्टीला आलेलो. चार माणसांत त्याला म्हणालो, "काच उघडी टाकून गेलास काय रे?"

"न्हाई दादा, लावूनच गेलतो."

"मग पाणी काय आपल्या पायानं चालत आलं?"

लोक हसले. त्यानं किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी कामाला आला नाही.

त्यानंतर काचा मी स्वतः लावल्या, किल्ली आमच्या खुंटीला. तरी पाणी येतच राहिलं. खरं तर त्याच दिवशी उठून त्याच्याकडं जायला हवं होतं. मी गेलो नाही. गाडी घेऊन कळ्याच्या एका मिस्त्रीकाकांकडं गेलो.

काकांनी आधी पाण्यात बोट बुडवलं. कूलंट असतं तर चिकट लागलं असतं. हे साधं पावसाचंच होतं. म्हणाले, "वलं दिसतंय तिथंच भोक असतंय असं न्हाई. पाणी एकीकडनं शिरतंय, पत्र्याच्या कडंनं चालतंय आन् खड्डा गावला की बसतंय." आतलं सगळं वाळवून त्यांनी पत्र्यावर पावडर भुरभुरली. मला बॅटरी देऊन आत बसवलं आणि बाहेरनं पाइप धरला. आधी खाली, मग हळूहळू वर. एकेका जागी पाच-पाच मिनिटं. "एकदम वरनं वतलं तर सगळंच भिजतंय, कळत काय न्हाई."

दाराखालची भोकं मोकळी होती. काचेचं रबर जुनं, पण धड होतं. वायपरखालच्या जाळीवर पाणी सोडलं आणि थोड्या वेळानं पावडरीत एक बारीक रेघ उतरली. बॉनेट उघडलं. जाळीखालच्या पन्हळीचं भोक फणसाच्या कुजक्या पानांनी गच्च बुजलेलं. पन्हळ तुंबायची आणि पाणी हवेच्या वाटेनं आत उतरायचं. काकांनी तार घातली, सगळं पाणी भळाभळा जमिनीवर आलं.

फणसाखाली गाडी लावायची हा हट्ट माझा होता. उन्हानं रंग उडू नये म्हणून.

परत येताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. पाणी खोलगट जागी साचतं, हे काकांनी दाखवलं. आळही तसाच साचतो. अण्णाही गाडी वापरायचे, मीही वापरायचो. पण माझा संशय आम्हा दोघांवरून घरंगळत सरळ त्याच्यावर जाऊन थांबला, कारण सगळ्यांत खाली तो होता. मी काही तपासलं नव्हतं. वलं दिसलं आणि तो दिसला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घराकडं गेलो. तो रोपलावणीच्या चिखलात होता. बांधावरूनच म्हणालो, "चूक माझी झाली. पानं अडकली होती."

त्यानं पाठ सरळ केली. "मिस्त्रीनं भोक दावलं म्हणून आलासा. भोक गावलंच नसतं तर?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. खरं सापडलं म्हणून तो निर्दोष ठरला, पण सापडायच्या आधीही तो निर्दोषच होता. ते सिद्ध करायचं ओझं त्याच्या डोक्यावर कुणी ठेवलं? मी माफी मागितली ती पुरावा हातात आल्यावर. तिची खरी वेळ त्याआधीची होती.

आठवड्यानं वाडीत एका बाईला कळा सुरू झाल्या, तेव्हा न बोलावता तो आला आणि गाडी काढली. पुढं कैक वर्षं त्यानंच ती चालवली. फक्त एक बदल झाला. गाडी आणून लावली की तो घरातल्या कुणालातरी हाक मारायचा, त्यांच्यादेखत चारी काचा वर करायचा आणि मगच किल्ली द्यायचा.

तसं कर म्हणून मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.