दानीएलाचें ताट आणि आपलें ताट

(वाचन : दानीएल, अध्याय १; योहान, अध्याय ६, ओंव्या १ ते १३)



बाबेलच्या राजवाड्यांत चार यहूदी तरुण शिक्षणासाठीं ठेविले होते. राजाच्या पंगतीचीं पक्वान्नें व द्राक्षारस त्यांस रोज द्यावा, अशी आज्ञा होती. अशा ताटाला नको म्हणणें म्हणजे राजाचा रोष ओढवून घेणें. तरी दानीएलानें मनांत निश्चय केला. त्यानें हुज्जत घातली नाहीं, कीं इतरांची निंदा केली नाहीं. त्यानें कारभाऱ्यास नम्रपणें विनविलें कीं, दहा दिवस आम्हांस शाकान्न व पाणी देऊन पाहा. दहा दिवस सरले, तेव्हां हे चौघे राजाचें अन्न खाणाऱ्या सर्व तरुणांहून अधिक सतेज दिसले.

ह्यावरून कोणीं असें समजूं नये कीं, अमुक अन्न खाल्ल्यानें मनुष्य देवाला प्रिय होतो व अमुक खाल्ल्यानें बाटतो. तोंडांत जें जातें त्यानें मनुष्य भ्रष्ट होत नाहीं, अंतःकरणांतून जें निघतें त्यानें होतो, असें प्रभूनें शिकविलें आहे. सोंवळ्याओंवळ्याचें जूं प्रभूनें आपल्या मानेवरून काढिलें. तें नव्या नांवानें पुन्हां चढवूं नये. परंतु आपलें शरीर पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, आणि खाणें पिणें हेंही देवाच्या गौरवासाठीं असावें, असें पौल करिंथ येथील मंडळीला लिहितो. म्हणून आपण आपल्या ताटाला दोन प्रश्न विचारूं. ह्या अन्नानें माझें शरीर सेवेच्या योग्य राहतें काय? आणि माझ्या खाण्यामुळें माझ्या शेजाऱ्याचा वांटा हिरावला जातो काय?

पहिला प्रश्न घ्या. आपल्या घरांतून एक गोष्ट हळूहळू घडली आहे. पाहुणा आला कीं भाकरी झांकून ठेवावयाची आणि पोळी व पांढरा भात वाढावयाचा. मुलांच्या हातीं चहा व बिस्किटें द्यावयाचीं. नाचणीची आंबील, हुलग्यांचें माडगें, अंबाडीची भाजी हें गरिबीचें अन्न, असें मानूं लागलों आहों. ही लाज कोठून आली, तें मी कठोरपणें विचारीत नाहीं. आपल्यांतील पुष्कळांच्या पूर्वजांस दुसऱ्याच्या दारची शिळी भाकर मागून खावी लागली. १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढणारे अजून आपल्यांत आहेत. ज्या भाकरीबरोबर अपमान गिळावा लागला, ती नकोशी वाटावी ह्यांत नवल नाहीं. पण, बंधूंनो, दोष त्या अपमानाचा होता, ज्वारीचा नव्हता. स्वतःच्या कष्टाची, स्वतःच्या चुलीवरची भाकरी ही मुक्त मनुष्याची भाकरी आहे.

आतां पाहा, ज्यास आपण हलकें म्हणतों त्यांत देवानें काय घातलें आहे. १०० ग्रॅम नाचणींत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें, आणि तेवढ्याच पांढऱ्या तांदळांत तें फार तर १०-१५ मिलिग्रॅम असतें. वाढत्या मुलांच्या व गरोदर बायकांच्या हाडांस हेंच लागतें. ज्वारी-बाजरीचा कोंडा पिठांतच राहतो, म्हणून ती पोटांत सावकाश पचते. उलट मैदा, साखर व तळलेले पदार्थ वाढले तसे रोगही वाढले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. तो आतां केवळ शहरचा रोग राहिला नाहीं. खेड्यांतही शिरला आहे. ज्यांस तो जडला आहे त्यांनीं डॉक्टरचें औषध सोडूं नये. पण ताटही बदलावें.

आतां दुसरा प्रश्न, शेजाऱ्याचा. अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांच्या पुष्कळ भागांत वर्षाचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास असतो. उंसाला १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतें. ज्वारीचें काम साधारण ४५० ते ६५० मध्यें भागतें. जें आभाळांतून पडत नाहीं तें विहिरींतून उपसावें लागतें, आणि एकाची बोअर खोल गेली म्हणजे शेजारच्या विधवेची विहीर आटते. शेतकरी जें विकलें जातें तेंच पिकवितो, म्हणून केवळ त्याला दोष देऊन उपयोग नाहीं. खाणाऱ्यांनीं ज्वारी, बाजरी, मटकी व तूर मागितलीं, तर पेरणाराही तीं पेरील. ज्वारीचा कडबा जनावरांस होतो. तूर-मटकीच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र जमिनीला देतात. खाणाऱ्याला, बैलाला व मातीला, तिघांसही पुरेल असें पीक देवानें आपल्या रानांत दिलें आहे.

येथें योहानाच्या सहाव्या अध्यायाकडे वळा. त्या मुलाजवळच्या पांच भाकरी कशाच्या होत्या? जवाच्या; म्हणजे त्या देशांत गरीब खात त्या. प्रभूनें त्या हातांत घेतल्या, त्यांबद्दल उपकार मानिले, आणि त्याच हजारोंना वाढिल्या. जिला प्रभु लाजला नाहीं तिला आपण कां लाजावें? आणि सर्व तृप्त झाल्यावर, ज्याच्या सामर्थ्याला तोटा नव्हता त्यानेंच उरलेले तुकडे गोळा करावयास लाविले, आणि बारा टोपल्या भरल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न वायां गेलें. आपल्या लग्नांत व नाताळच्या जेवणांत, कधीं कर्ज काढून, जें शिजतें आणि उकिरड्यावर जातें, तें त्याच ढिगांत पडतें.

ह्यासाठीं उपदेशक, मंडळीचे वडील व घरधनिणी ह्यांस माझी विनंती आहे कीं, दानीएलाप्रमाणें दहा दिवसांची कसोटी करून पाहावी. रोज एक वेळ ज्वारी, बाजरी किंवा नाचणी असावी. तिच्याबरोबर एक डाळ किंवा उसळ आणि एक पालेभाजी असावी. शेवगा, चाकवत, तांदुळजा हीं बांधावर व परसांत होतात. चहांतली साखर निम्मी करावी. मीठ मोजून घालावें. दर माणशीं दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून थोडें कमी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मंडळीच्या जेवणांत भाकरी पहिल्या पंगतीला वाढावी, आणि उरेल तें झांकून त्याच दिवशीं गरजूच्या घरीं पोंचवावें.

मात्र ज्याच्या घरीं रेशनचा गहू-तांदूळ हाच आधार आहे, त्याच्या ताटाकडे कोणीं बोट दाखवूं नये. तेंही देवाचें दान आहे. त्यालाही मूठभर डाळ व भाजी जोडतां येते. आणि ज्याच्या शेतांत चार पायल्या नाचणी पिकली, त्यानें त्या घरीं एक पायली नेऊन द्यावी. हें त्या ताटावर बोट ठेवण्यापेक्षां ख्रिस्ताला अधिक शोभेल.

हे प्रभू, आमच्या रानांत जें तूं पिकवितोस त्याची लाज आम्हांपासून दूर कर. आमचीं ताटें साधीं व आमचे हात उदार कर. आणि आमची विहीर भरली असतां शेजाऱ्याच्या घागरीचा विसर आम्हांस पडूं देऊं नको. आमेन.